धूर जालन्याचा, तेल गुजरातचं, आणि पुण्य नेमकं कुणाच्या खात्यात?

परवा रात्री आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत आला. मागे जोशपूर्ण म्युझिक, वर मोठ्या अक्षरात "जालन्याच्या धुरातून निघणार तेल! प्रदूषण संपणार! अभिमानाने शेअर करा." सकाळी गच्चीवर गेलो तर शेजारचे सर (निवृत्त शिक्षक, बोट फिरवून धूळ तपासायची त्यांची रोजची सवय) कठड्यावर बोट फिरवत उभे. बोट काळं. मला म्हणाले, "काय हो पत्रकार, आता ह्याचं पेट्रोल होणार म्हणे?"

हसलो. पण नंतर दिवसभर डोक्यात तेच. कारण व्हिडिओ शंभर टक्के खोटा असता तर सोडून दिला असता. तो अर्धा खरा आहे, आणि अर्ध्या खऱ्याचा त्रास जास्त असतो. म्हणून आज मोठी पोस्ट. वेळ असेल तरच वाचा, पण वाचायला घेतली तर शेवटपर्यंत वाचा.

आधी खरं काय ते सांगतो.

जमिनीखालचं तेल टाकीत भरल्यासारखं नसतं. ते गाळाच्या खडकात असतं, म्हणजे वाळूचा दगड, चुनखडी, शेल वगैरे. समुद्राच्या, नदीच्या तळाशी लाखो वर्षं साचलेला गाळ दबून झालेला दगड. त्याच्या बारीक छिद्रांत तेल अडकलेलं असतं, ओल्या विटेत पाणी असतं तसं. आपल्या मुंबई हायचं तेल असंच चुनखडीच्या थरांत सापडलं, १९७४ साली, आणि १९७६ पासून निघायला लागलं. विहीर खोदली की सुरुवातीला तेल आपल्या जोरावर वर येतं, मग पाणी दाबून ढकलावं लागतं. इतकं करूनही निम्म्याहून जास्त तेल बहुतेक ठिकाणी दगडालाच चिकटून राहतं. पाण्याने तेल धुतलं जात नाही, हे तेलाची बरणी नुसत्या पाण्याने विसळणाऱ्या कोणालाही माहीत आहे.

इथे कार्बन डायऑक्साइड कामाला येतो. हा वायू ३१ अंशांच्या वर तापवला आणि हवेच्या दाबाच्या साधारण ७३ पट दाबाखाली ठेवला की तो धड वायू राहत नाही, धड द्रव राहत नाही. वायूसारखा बारीकातल्या बारीक फटीत शिरतो आणि द्रवासारखा तेल विरघळवतो. ह्या अवस्थेला सुपरक्रिटिकल म्हणतात. फार लांबची गोष्ट वाटते ना? ऑफिसात, बँकेत भिंतीला आग विझवायचं कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर टांगलेलं असतं. जालन्याच्या मे महिन्यात खोलीत पारा चाळीसला टेकला की त्या सिलिंडरच्या पोटातला वायू ह्याच अवस्थेत असतो. आपण त्याच्या खाली बसून चहा पीत असतो, बस्स.

कॉफीतलं कॅफीन काढायला हीच युक्ती वापरतात. १९६० च्या दशकात जर्मनीतल्या कुर्ट झोझेल ह्या शास्त्रज्ञाने ती शोधली, आणि तो काम करत होता कोळशावर संशोधन करणाऱ्या संस्थेत! हळदीचं, मिरचीचं, आल्याचं अर्क-तेल काढायलाही हेच तंत्र चालतं. आयआयटी मुंबईच्या ममता मुखोपाध्याय यांनी ह्यावर २००० साली इंग्रजीत आख्खं पुस्तक लिहिलंय. पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारात भाव कोसळला की मला दर वेळी हे पुस्तक आठवतं, आणि जालन्यात रसायन तंत्रज्ञान संस्थेचं मोठं केंद्र आहे हेही आठवतं. पण ते असो, तो विषय वेगळ्या पोस्टचा.

तर जमिनीखाली साधारण ८०० मीटरच्या पुढे गेलं की उष्णता आणि दाब दोन्ही आपोआप पुरेसे असतात. तिथे कार्बन डायऑक्साइड दाबला की तो चिकटलेल्या तेलात मिसळतो, तेल फुगतं, पातळ होतं, दगडाची पकड सुटते आणि ते विहिरीकडे सरकतं. अमेरिकेत टेक्सासमध्ये १९७२ पासून हे मोठ्या प्रमाणावर चालू आहे. आपल्याकडे ओएनजीसी आणि इंडियन ऑइलने २०१९ मध्ये करार केला की वडोदऱ्याजवळच्या कोयली रिफायनरीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड भरूच जिल्ह्यातल्या गंधार तेलक्षेत्रात दाबायचा. म्हणजे "धुरातून तेल" ही कल्पना पूर्ण हवेतली नाही. व्हिडिओवाल्याने कुठेतरी हेच वाचलं आणि त्यात जालना चिकटवून दिलं.

आता जालना का चिकटत नाही ते बघा.

पहिली गोष्ट, आपल्या पायाखाली गाळाचा खडकच नाही. आपण बेसाल्टवर बसलोय, काळ्या कातळावर. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरावर थर. किल्लारीच्या भूकंपानंतर तिथे खोल बोअर घेतलं गेलं. ३३८ मीटर काळा दगड, त्याखाली जेमतेम ८ मीटर गाळ, आणि मग सरळ जुना ग्रॅनाइटसारखा पाया. कोयनेच्या बाजूला खोल बोअर घेतले, तिथे तर लाव्हाखाली थेट पायाच लागला. खानदेशाच्या, तापीच्या बाजूला लाव्हाखाली जुना गाळ असावा असा अंदाज एनजीआरआयसारख्या संस्थांनी मोजमापं करून मांडलाय. अंदाज आहे, विहीर नाही. तेव्हा "मराठवाड्याच्या पोटात तेल" असं सांगून कोणी तुमच्या जमिनीचा करार करायला आला तर आधी चहा पाजा आणि मग बोअरचा रिपोर्ट मागा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मी हा सगळा खटाटोप करतोय तो तिच्यासाठी. सरांच्या बोटाला लागलेलं काळं म्हणजे कार्बन डायऑक्साइड नाही.

कार्बन डायऑक्साइडला रंग नाही, वास नाही, तो कठड्यावर बसत नाही. आपल्याकडच्या बहुतेक भट्ट्या इंडक्शनच्या आहेत, म्हणजे विजेवर भंगार वितळवणाऱ्या. भंगारासोबत आत काय काय जातं? गंज, रंग, ऑइल, जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे. भट्टीत भंगार टाकलं की त्याचा धूर आणि बारीक कण उसळतात. तो धूर तिथल्या तिथे ओढून घ्यायला भट्टीवर हूड लागतं, मागे ताकदीचा पंखा लागतो आणि त्याच्यापुढे बॅग फिल्टर लागतो. पिशव्यांमधून हवा गाळली जाते, धूळ खाली पडते. ह्यात सुपरक्रिटिकल काही नाही. जुनं, माहितीचं, बाजारात मिळणारं यंत्र आहे. फक्त ते चालवायला वीज लागते, आणि विजेचं बिल वाचवायचं असेल तर रात्री बटन बंद करता येतं.

एमआयडीसीच्या बाजूला राहणाऱ्या कोणालाही विचारा, धूर दिवसा जास्त की रात्री. मी स्वतः एकदा रात्री दीडला एका कारखान्याच्या मागच्या रस्त्यावर गाडी लावून बसलो होतो. धुराडं शांत, सोज्वळ. धूर निघत होता शेडच्या पत्र्यांच्या फटींतून. सकाळी त्याच धुराड्याचं मोजमाप झालं असेल आणि ते अगदी नियमात बसलं असेल ह्याबद्दल मला शंका नाही.

मग आपल्या स्टीलचा कार्बन डायऑक्साइड कुठे निघतो? बराचसा इथे निघतच नाही. री-हीटिंगच्या भट्ट्यांत कोळसा किंवा फर्नेस ऑइल जळतं, तेवढा इथे. बाकीचा निघतो ती वीज जिथे कोळशावर तयार होते तिथे. म्हणजे उद्या खरंच कोणी कार्बन पकडायला आला तर तो चंद्रपूर, कोराडीला जाईल, जालन्याला नाही. आणि आला जरी, तरी जालना ते भरूच सरळ रेषेतही साडेतीनशे किलोमीटरच्या वर. एवढी पाइपलाइन कोण टाकणार आणि कुणाच्या शेतातून?

पाइपलाइनवरून आठवलं. २२ फेब्रुवारी २०२० ला अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात सटार्शिया नावाच्या छोट्या गावाजवळ अशीच एक पाइपलाइन फुटली. पावसाने जमीन खचली आणि पाइप तुटला. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत पसरत गावात आला. माणसं धापा टाकत पडली, गाड्यांची इंजिनं ऑक्सिजनअभावी बंद पडली, म्हणजे पळायचीही सोय नाही. सुमारे २०० लोकांना हलवावं लागलं, ४५ जणांना दवाखान्यात न्यावं लागलं. जीव कोणाचा गेला नाही, हे त्यांचं नशीब. त्या पाइपातला वायू तेल काढायच्याच कामाला चालला होता.

आता मूळ भांडण.

हे तंत्र वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. देशाला लागणारं ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आपण बाहेरून आणतो. गंधारसारख्या जुन्या क्षेत्रातून जास्तीचं तेल निघणार असेल तर डॉलर वाचतील. चांगलंय. ओएनजीसीच्या इंजिनिअरांनी ते जरूर करावं. सरकारने २०१८ मध्ये अशा वाढीव तेलासाठी धोरण आणलं, वाढीव उत्पादनावर सेस आणि रॉयल्टीत सवलत दिली. तेल हवंय म्हणून सवलत, हा हिशोब मला पटो न पटो, तो निदान सरळ आहे.

माझा राग आहे तो तेलाच्या धंद्याला पर्यावरणाची टोपी घालण्यावर.

गणित बघा, पाचवीतलं आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने दिलेले आकडे आहेत. अमेरिकेत ह्या पद्धतीने एक बॅरल तेल काढायला साधारण ३०० ते ६०० किलो कार्बन डायऑक्साइड जमिनीत दाबला जातो. ते एक बॅरल तेल जाळलं की साधारण ४०० किलो हवेत जातो. ते काढायला, शुद्ध करायला, वाहून न्यायला आणखी शंभरेक किलो. म्हणजे एका हाताने जेवढं गाडलं तेवढंच दुसऱ्या हाताने उधळलं. वर पुन्हा एक गंमत. अमेरिकेत ह्या कामाला वापरला जाणारा बहुतांश वायू धुराड्यातून पकडलेला नसतोच. तो जमिनीखालच्या नैसर्गिक साठ्यांतून मुद्दाम उपसून आणतात. एका खड्ड्यातून काढायचा, दुसऱ्यात घालायचा, मधल्या मधे तेल काढायचं. ह्यात पर्यावरण कुठे आलं?

"तसं नाही, हे नसतं तरी तेल कुणीतरी काढलंच असतं, त्या तेलाऐवजी हे तेल जळेल," असं एका परिसंवादात एका पाहुण्यांनी मला ऐकवलं. मान्य, थोडा फरक पडत असेल. पण मग दारूबंदीच्या कार्यक्रमात गावठीऐवजी देशी प्या असं सांगून सत्कार घेतला तर चालेल का?

आणि बाजाराच्या भरवशावर टाकलेली ही सेवा किती टिकते त्याचंही उदाहरण आहे. टेक्सासमध्येच पेट्रा नोव्हा नावाचा प्रकल्प होता. कोळशाच्या वीजकेंद्राचा धूर पकडायचा आणि तेलाच्या विहिरीत घालायचा. २०१७ ला वाजतगाजत सुरू झाला, जगभरातून कौतुक झालं. २०२० मध्ये कोरोनात तेलाचे भाव पडले, तसा तो बंद. वीजकेंद्र चालू, धूर चालू, पकडणं बंद. २०२३ मध्ये पुन्हा चालू केला. म्हणजे हवा स्वच्छ ठेवायची की नाही हे तेलाच्या भावावर ठरलं.

आपल्याकडे हे आत्ताच बोललं पाहिजे, कारण आपली पाटी अजून कोरी आहे. नीती आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये कार्बन पकडण्याच्या धोरणावर जाडजूड अहवाल काढला. जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिटच्या व्यापाराची योजना अधिसूचित झाली. उद्या ह्यातून पैसे वाटले जातील. त्या वाटपात तेल काढायला दाबलेल्या वायूला "गाडलेला कार्बन" म्हणून पूर्ण क्रेडिट मिळालं, तर एकाच बॅरलवर आधी सेसची सवलत, मग तेलाचा भाव, मग वर पुण्याचे पैसे. तिहेरी कमाई! आणि ती भरणार कोण? पंपावर दुचाकीत शंभरचं पेट्रोल टाकणारा तुम्ही-आम्ही. निघालेल्या तेलाचा कार्बन वजा करूनच क्रेडिट मोजा, एवढी साधी अट आहे. ती घालायला कोणाचा हात का थरथरावा?

काही मित्र म्हणतील, तेल सोड, नुसता कार्बन गाडायचा म्हटलं तर आपला काळा दगड कामाचा आहे ना? आहे, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. आइसलँडमध्ये २०१२ साली बेसाल्टमध्ये पाण्यात विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड सोडला, आणि ९५ टक्क्यांवर वायू दोन वर्षांच्या आत दगड होऊन बसला. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात २०१३ ला जवळपास हजार टन सुपरक्रिटिकल वायू बेसाल्टमध्ये घातला, तिथेही खनिजं तयार झालेली दिसली. आपल्या विहिरी खोदताना दगडाच्या पोकळीत पांढरे चमकदार खडे सापडतात, लहानपणी आपण खिशात घालून शाळेत न्यायचो. त्यातले काही कॅल्साइटचे असतात. कॅल्साइट म्हणजे दगडात बांधलेला कार्बन डायऑक्साइडच. निसर्ग हे काम इथे आधीपासून करतोय. एनजीआरआयने दख्खनच्या दगडाचा ह्या अंगाने अभ्यासही केलाय. आणि इथे तेल निघणार नाही, त्यामुळे गाडलं तर ते खरंच गाडलेलं असेल.

पण आइसलँडच्या पद्धतीत एक टन वायूला साधारण २५ टन पाणी लागतं. पंचवीस टन. २०१२-१३ चा दुष्काळ आठवतो ना? मोती तलावाला भेगा, नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी नाही, टँकरमागे हंडे घेऊन पळणाऱ्या बायका, बदनापूर-अंबडकडे मोसंबीच्या बागांवर चालवलेल्या कुऱ्हाडी. त्या जिल्ह्यात हे पाणी आणणार कुठून? वॉशिंग्टनच्या पद्धतीत पाणी लागत नाही, पण तिथे खाली वायू घालण्याआधी वरच्या थरांची इंचन्‌इंच तपासणी झाली होती. आपल्याकडे शेतकऱ्याची विहीर आणि बोअर ह्याच काळ्या दगडाच्या भेगांवर जगतात. कुठली भेग कुठे जाते हे पाणाड्यालाही नक्की माहीत नसतं. तेव्हा असा प्रयोग कधी इकडे आलाच, तर आधी ग्रामसभा, आधी विहिरींची तपासणी, सगळे कागद मराठीत, आणि मग ड्रिलिंगची गाडी. उलट क्रम चालणार नाही.

"जालना सोने का पालना" म्हणत आपण वाढलो. स्टीलने हजारो घरांच्या चुली पेटवल्या, माझ्या नात्यातली दोन माणसं आजही रोलिंग मिलमध्ये आहेत, तेव्हा कारखाने बंद करा असं मी कधी म्हटलं नाही आणि म्हणणारही नाही. हूड चालू ठेवा, एवढंच म्हणतोय. गंधारच्या विहिरीत काय घालायचं ते ओएनजीसी बघेल. भट्टीवरचा पंखा रात्री चालू आहे की नाही, हे बघायला टेक्सासला जावं लागत नाही. व्हिडिओ बनवणाऱ्याने कोणाच्या सांगण्यावरून बनवला मला माहीत नाही. पण "धुराचं तेल होणार" ह्या आशेवर माणसं धूर सहन करायला लागली, तर सोय कोणाची होते?

सरांना मी हे सगळं गच्चीवर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग विचारलं, "बॅग फिल्टर रात्री चालतं का, हे कळायचं कसं?" मास्तर ते मास्तरच, नेमका प्रश्न. फिल्टरच्या पंख्याला वेगळा मीटर असला की कळतं, भट्टी किती तास चालली आणि पंखा किती तास चालला हे शेजारी शेजारी ठेवून. हीच माहिती मागणारा अर्ज मी सोमवारी माहितीच्या अधिकारात टाकलाय, मागच्या एका वर्षाची, महिनेवार. तीस दिवसांची मुदत असते. उत्तर आलं तरी आणि नाही आलं तरी इथेच टाकतो. तोवर ज्यांच्या गच्चीवर काळं बसतं त्यांनी कमेंटमध्ये भाग आणि वेळ लिहा, फोटो असेल तर तारखेसकट.